तीन मुलांना एकच डायरी कशाला?

प्रिय ताई,

मी इंग्लंडमध्ये स्लाउला राहते. मुलगी शाळेत जायला लागल्यावर रीतसर नोंदणी करून चाइल्डमाइंडर, म्हणजे स्वतःच्या घरी इतरांची मुलं सांभाळणारी, झाले. सध्या माझ्याकडे तीन मुलं आहेत. एक दहा महिन्यांचं बाळ, आईबाबा पोलिश, आई नुकतीच कामावर परतलेली. दुसरा अडीच वर्षांचा, मराठी घरातला. त्याचे आईबाबा उशिरा सुटतात, म्हणून संध्याकाळी त्याला न्यायला आजी येतात. त्या पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. तिसरी चार वर्षांची. ती सकाळी शाळेच्या नर्सरीत असते, दुपारी मी तिला घेऊन येते.

प्रश्न रोजच्या डायरीचा आहे. मी ऑनलाइन छापील डायऱ्यांचा गठ्ठा मागवला, तिघांना सारख्याच. झोप, जेवण, नॅपी, मूड, आजचा खेळ, आज काय शिकलं, सगळे रकाने रोज भरते. मुलं गेल्यावर लिहायला बसते, साडेनऊ वाजतात, मग डायऱ्या दुसऱ्या दिवशी देते. बाळाच्या आईला तेवढ्यानं भागत नाही, तिला दर तासाला व्हॉट्सॲपवर फोटो हवा असतो. अडीच वर्षांच्या मुलाची डायरी तर बॅगेतून न उघडताच परत येते. एक मैत्रीण म्हणते, हे सगळं सोड आणि ॲप घे. दुसरी म्हणते, ऑफस्टेडची (शाळा आणि पाळणाघरं तपासणारी सरकारी संस्था) तपासणी झाली की आधी डायऱ्याच मागतात, कागद सोडू नकोस. मी नक्की काय निवडू?

— एक वाचक, स्लाउ

*

तुमच्या अडचणीचं मूळ एका वाक्यात आहे आणि ते तुम्ही जाता जाता लिहून गेलात: डायऱ्या दुसऱ्या दिवशी देता. कुठली डायरी घ्यायची हा प्रश्न त्यानंतरचा. संध्याकाळी बाळ कडेवर घेऊन निघालेल्या आईला त्याच मिनिटाला दोन गोष्टी कळायला हव्या असतात. शेवटचं दूध कधी झालं आणि दुपारची झोप कधी मोडली. तिची सगळी संध्याकाळ त्यावर बेतलेली असते. बाळ साडेचारला उठलं असेल तर सातला निजणार नाही, हे माहीत असलेली आई आंघोळ उशिरा घालते. माहीत नसलेली आई नऊपर्यंत अंधाऱ्या खोलीत थोपटत बसते आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं तिला वाटत राहतं. तीच माहिती दुसऱ्या दिवशी सकाळी, कितीही सुवाच्य अक्षरात मिळाली, तरी तिला तिचा उपयोग नाही.

म्हणून निवडताना पहिली अट ही ठेवा: मूल दुसऱ्याच्या हातात जाईल तेव्हा डायरीही त्याच्याबरोबर जायला हवी. ज्या डायरीत दिवसभर, मुलं समोर असताना, येता-जाता दोन-दोन शब्द लिहून होत नाहीत, ती डायरी तुमच्या कामाची नाही.

आता ऑफस्टेडची भीती आधी काढून टाकू, कारण त्या भीतीपोटीच तुम्ही सगळे रकाने भरत बसलात. इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या सांभाळाची सरकारी चौकट, अर्ली इयर्स फाउंडेशन स्टेज, सप्टेंबर २००८ पासून लागू आहे आणि जानेवारी २०२४ पासून चाइल्डमाइंडरांसाठी तिची वेगळी आवृत्ती आहे. रोजची डायरी ठेवलीच पाहिजे असं त्यात कुठेही नाही. पालक आणि तुम्ही यांच्यात माहितीची नियमित देवाणघेवाण, दोन्ही बाजूंनी, व्हायला हवी, एवढं आहे. ती दारात उभ्या उभ्या बोलून होते, वहीतून होते, ॲपमधून होते. मार्ग तुम्ही निवडायचा. उलट मुलांच्या नोंदी ठेवण्यासाठी त्यांच्यापासून फार वेळ लांब राहू नका, कागदांचा पसारा वाढवू नका, असंच ती चौकट सांगते. तपासायला येणारी व्यक्ती बघते ती तुम्ही मुलांशी कशा बोलता ते, मूल तुमच्या घरात किती निर्धास्त वावरतं ते, आणि या मुलाला आता पुढे काय जमायला हवंय हे तुम्हाला सांगता येतं का ते. साडेनऊपर्यंत भरलेल्या रकान्यांनी यातलं काहीच सिद्ध होत नाही.

काही नोंदी मात्र सक्तीच्या आहेत, आणि नव्यानं काम सुरू करणाऱ्यांची गल्लत होते ती इथे. रोज कोणतं मूल किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं, याची हजेरी. लहानमोठी दुखापत झाली तर तिची आणि केलेल्या प्रथमोपचाराची लेखी नोंद. औषध द्यायचं असेल तर त्या त्या औषधासाठी पालकांची आधी घेतलेली लेखी परवानगी, आणि दर वेळी दिल्याची नोंद. दुखापत आणि औषध दोन्ही पालकांना त्याच दिवशी, किंवा शक्य तितक्या लवकर, सांगायचं. हे सगळं डायरीत लिहिलं म्हणजे झालं असं अनेकींना वाटतं. तसं होत नाही, कारण डायरी बॅगेतून घरी जाते. ती बाबांच्या गाडीत राहिली, दुधाच्या गळक्या बाटलीखाली भिजली, तर तुमच्याकडे उरलं काय? दुखापतींची वही वेगळी, औषधांची वेगळी, हजेरी वेगळी ठेवा आणि त्या घराबाहेर जाऊ देऊ नका. डायरीत एक ओळ पुरे: ‘पावणेअकराला बागेत गुडघा खरचटला, धुऊन स्वच्छ केला, निघताना वहीत सही करा.’

आणखी दोन गोष्टी डायरीत कधीच नकोत. एक, दुसऱ्या मुलाचं नाव. अडीच वर्षांची मुलं चावतात, त्या वयाचंच ते वागणं आहे. चावलं गेलेल्या मुलाच्या डायरीत ‘खेळण्यावरून भांडण होऊन हाताला चावा बसला’ इतकंच लिहावं. दुसऱ्या मुलाचं नाव दोन्ही घरांना तुमच्याकडून कळता कामा नये. दोन, मुलाच्या सुरक्षिततेविषयीची शंका. सकाळी आलेल्या मुलाच्या अंगावर कारण न सांगता येणारा व्रण दिसला, तर तो तारीख-वेळेसह तुमच्या वेगळ्या, कुलुपातल्या नोंदीत जातो, आणि गरज पडल्यास तिथून पुढे कौन्सिलच्या बालसंरक्षण विभागाकडे. घरी जाणाऱ्या वहीत तो लिहिणं मुलाच्याच जिवावर बेतू शकतं.

एवढं वेगळं काढलं की डायरी हलकी होते. आता तुमच्या तिघांसाठी तीन वेगळे निर्णय घेऊ.

बाळासाठी छापील डायरीच घ्या. या वयात मजकुरापेक्षा वेळा आणि मापं महत्त्वाची असतात आणि त्यांना रकाने सोयीचे पडतात. पण गठ्ठा मागवण्याआधी एक प्रत हातात घेऊन बघायला हवी. तारखा छापलेली घेऊ नका. बाळ आठवड्यातून तीन दिवस येत असेल तर वर्षाअखेर अर्धी डायरी कोरी राहते, आणि कोरी पानं बघून आईला उगाच वाटतं की लिहायचं राहिलं. दिवसाला एक पान, ए-५ आकार, पुसता येईल असं कव्हर. स्पायरल असली तर उत्तम, कारण ती ओट्यावर उघडी पडून राहते आणि बाळ एका कडेवर असताना दुसऱ्या हातानं लिहिता येतं. ‘मूड’चा रकाना, तो हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा, शक्यतो नसलेलीच बघा. दहा तासांचा दिवस एका चेहऱ्यात बसत नाही आणि रडका चेहरा रंगवायला कुणाचाच हात धजत नाही. मग तो रोज हसराच असतो, आणि आईला त्यावर विश्वास ठेवावासा वाटत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना मात्र बहुतेक छापील डायऱ्यांत नसतोच, किंवा कोपऱ्यात दोन ओळींचा असतो. तो म्हणजे सकाळी पालकांनी लिहायचा भाग. रात्री झोप कशी झाली, सकाळचं दूध कधी, आज कोण न्यायला येणार, आणि औषध काही दिलंय का. हा शेवटचा प्रश्न फक्त औपचारिकता नाही. दात येताना बाळाला पहाटे साडेपाचला पॅरासिटामॉल दिलं, आई ऑफिसच्या घाईत सांगायला विसरली, नऊला बाळ तापलेलं वाटलं. घरात कॅल्पॉलची बाटली आहे, लेखी परवानगीही आहे. पण दोन मात्रांमध्ये किमान चार तास आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही, हा नियम पाळायचा तर पहाटेची मात्रा तुम्हाला माहीत असायलाच हवी. डायरीत हा भाग नसेल तर पानाच्या वरच्या चार ओळी आखून घ्या आणि त्या भरल्याशिवाय सकाळी आईला निघू देऊ नका. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

बाळाच्या पानावर नवीन पदार्थ ठळक लिहा. दहाव्या महिन्यात रोज काहीतरी पहिल्यांदा खाल्लं जातं, आणि रात्री अंगावर पुरळ उठलं तर आईला डॉक्टरला सांगायला दुपारचा मेनू लागतो. ‘जेवण छान झालं’ यातून काहीच कळत नाही. ‘मुगाच्या डाळीचं पाणी आणि मऊ भात चार चमचे, उकडलेलं अंडं पहिल्यांदा, पाव भाग, १२:१०’ यातून सगळं कळतं. नॅपीचंही तसंच. दोनदा पातळ शी झाली असेल तर आकड्यासकट लिहा. उलटी-जुलाब झालेलं मूल शेवटच्या जुलाबानंतर ४८ तास सांभाळायला आणायचं नसतं, आणि ते ४८ तास कुठून मोजायचे यावरून पालकांशी वाद होतो तेव्हा वेळ लिहिलेली असली की आवाज चढत नाहीत.

आता दर तासाच्या फोटोबद्दल. त्या आईला नाही म्हणा, पण आधी तिच्या जागी उभ्या राहून बघा. इथे मातृत्वरजेतला वैधानिक पगार ३९ आठवडे मिळतो, त्यामुळे बाळ नऊ-दहा महिन्यांचं झालं की बऱ्याच जणींना परतावंच लागतं. सप्टेंबर २०२५ पासून नोकरदार पालकांना नऊ महिन्यांच्या बाळापासून आठवड्याला ३० तासांच्या सांभाळासाठी सरकारी मदत मिळते, म्हणजे तुमच्याकडे येणारी बाळं यापुढे अशीच लहान असणार. आणि हेच वय असं की बाळ आई दिसेनाशी झाली की टाहो फोडतं. सकाळी तो टाहो कानात घेऊन ती ट्रेनमध्ये चढते. तिला फोटो नको असतो, रडणं थांबलं एवढंच कळायला हवं असतं. मग तेवढंच कळवा. रुळायचे पहिले दोन आठवडे, ती गेल्यावर बाळ शांत झालं की एक ओळीचा निरोप, आणि दुपारी बाकीची मुलं निवांत असताना एक फोटो. दोन आठवड्यांनंतर फक्त दुपारचा, पुढे तोही बंद. हे तिला आजच, वेळांसकट, समोर बसवून सांगा. तासातासाला फोटो काढायचा म्हणजे तासातासाला तिघांवरची नजर काढून फोनवर न्यायची, आणि खाताना तर लहान मुलांवरून नजर हलवायचीच नसते. कारण असं सांगितलं की कुठलीही आई ऐकते, असा माझा अनुभव आहे.

फोटो पाठवायचेच तर ते स्वतःच्या खासगी फोनच्या गॅलरीत, मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी साठू देऊ नका. कामाचा फोन वेगळा ठेवा, पालकांची लेखी संमती घ्या, फ्रेममध्ये दुसरं मूल नको. मुलांची माहिती आणि फोटो डिजिटल स्वरूपात ठेवणाऱ्या चाइल्डमाइंडरला माहिती आयुक्तांच्या कार्यालयाकडे वार्षिक फी भरावी लागते. सगळ्यात खालच्या टप्प्याची फी फेब्रुवारी २०२५ पासून ५२ पौंड आहे. ती भरली नसेल तर या आठवड्यात भरून टाका.

इथूनच ॲपचा मुद्दा निघतो. टॅपेस्ट्री, फॅमली अशी ॲप इथे अनेक ठिकाणी वापरतात आणि त्यांना माझा विरोध नाही. आईबाबा वेगळे राहत असतील आणि मूल दोन घरांत वाढत असेल, तर ॲपसारखी सोय नाही. एकच वही दोन घरांत फिरवायची म्हणजे ती नेमकी हवी तेव्हा दुसऱ्या घरी असते, आणि तुमच्या वहीतून एकमेकांना टोमणे लिहिले जायला लागतात. बाबा महिनोन् महिने परगावी असतील तरी ॲप चांगलं. पण तुमच्या तिन्ही घरांत अशी गरज मला दिसत नाही. ॲप घेतलंत तर दिवसभर फोन हातात येईल, आणि अडीच वर्षांच्या मुलाला तुम्ही त्याच्या आईला निरोप लिहिताय हे दिसत नाही, तुम्ही फोन बघताय एवढंच दिसतं. शिवाय ॲपला संध्याकाळ नसते. रात्री नऊला निरोप येतो, ‘आज वाटाणे खाल्ले का?’, आणि तुमचं साडेनऊचं दुखणं तसंच राहतं. पुढे मुलं वाढली, मदतनीस ठेवलीत, तेव्हा पुन्हा विचार करा.

चार वर्षांच्या मुलीला डायरी नकोच. तिच्या पानावर नॅपीचा रकाना बघून तिला काय वाटत असेल? ती बोलते, दिवस कसा गेला ते स्वतः सांगू शकते. तिच्याबद्दल तुम्हाला वर्तमान कळवायचं असतं ते नर्सरीचं, कारण नर्सरीच्या दारात तुम्ही उभ्या असता, तिची आई नसते. शिक्षिकेनं सांगितलेला निरोप, सहलीचा कागद, पोहण्याचे कपडे आणायचा वार. त्यासाठी एक छोटी निरोपवही पुरे, निरोप असेल त्या दिवशीच लिहायची. आणि शुक्रवारी तिला स्वतःला एक पान द्या. ती चित्र काढेल, ती सांगेल ते वाक्य तुम्ही तिच्या शब्दांत, दुरुस्त न करता, खाली लिहा. आईला बाकी काही लागणार नाही.

लिहिण्यातला एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्याकडचं बाळ दहा महिन्यांचं आहे, म्हणजे तो लवकरच दारात येऊन उभा राहील. पहिलं पाऊल तुमच्या घरात पडलं तर लिहायचं का? बऱ्याच जणी लिहीत नाहीत. ‘आज धरून उभं राहायची फार धडपड चालली होती, शनिवार-रविवारी लक्ष ठेवा’ असं लिहून तो आनंद आईसाठी राखून ठेवतात. त्यामागचं प्रेम मला कळतं, तरी मला ते पटत नाही. एक गोष्ट लपवली की डायरीतल्या बाकीच्या गोष्टींवरचाही आईचा विश्वास पातळ होतो, आणि कधी ना कधी ते बाहेर येतंच, कारण चार वर्षांची ताई ते दारातच सांगून टाकते. आईलाच आत्ताच विचारा: ‘पहिलं पाऊल, पहिला शब्द माझ्याकडे झाला तर तुला कळवू की तू स्वतः बघेपर्यंत थांबू?’ काही जणी म्हणतात लगेच कळव, काही म्हणतात मला सांगूच नकोस. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि दोन्हींत तुम्हाला खोटं लिहावं लागत नाही. तिचं उत्तर तिच्या करारासोबत लावून ठेवा.

वाईट दिवसाबद्दलही तसंच. चाळीस मिनिटं रडलं तर चाळीस लिहा, आणि कशानं शांत झालं तेही लिहा. फक्त ते आईनं पहिल्यांदा कागदावर वाचता कामा नये. आधी तोंडानं सांगायचं, डायरीत नंतर.

आता अडीच वर्षांचा मुलगा, ज्याची डायरी न उघडता परत येते. मला त्या घराचा राग येत नाही, कारण डायरी चुकीच्या माणसाला लिहिली जातेय. तुम्ही ती त्याच्या आईसाठी लिहिता, पण तो हातात जातो आजींच्या. आई उशिरा येते, तेव्हा तो झोपायला आलेला असतो आणि बॅग दाराशीच पडलेली असते. मधले दोन-तीन तास आजींचे. त्यांना इंग्रजीत छापलेले रकाने दिसले की त्या डायरी आईसाठी ठेवून देतात आणि आपल्या अंदाजानं चालतात. ‘पोर दमून आलंय’ म्हणून साडेपाचला पुन्हा वरणभात भरवतात. त्यानं तुमच्याकडे पाचला पोटभर खाल्लेलं असतं. मग रात्री आईसमोर तो ताटाला हात लावत नाही, आणि आईला वाटतं की तुमच्याकडे त्याचं जेवण होत नाहीये. अशा तक्रारीचं मूळ जेवणात नसतं, न वाचलेल्या वहीत असतं.

त्याच्यासाठी छापील डायरी बंद करा. साधी रेघांची, जाड पुठ्ठ्याची वही घ्या, सुपरमार्केटात मिळते ती चालेल. पान उभं दुमडून दोन भाग करा. डावीकडे आजींसाठी मराठीत तीन ओळी: किती वाजता काय खाल्लं, झोप कधी झाली, आज त्याला कशाचं वेड लागलंय. उजवीकडे आईबाबांसाठी, मराठीत किंवा इंग्रजीत, त्यांना सोपं जाईल तसं. डायरीच्या भाषेवर कुठलंच बंधन नाही. सक्तीच्या नोंदी मात्र इंग्रजीतच ठेवा, कारण त्या उद्या तपासनीसांना किंवा रुग्णवाहिकेबरोबर आलेल्या माणसाला वाचता यायला हव्यात. आणि आजी न्यायला येतील हे त्याच्या आईकडून लेखी घेतलंय ना, तेही बघा. पालकांनी ज्यांचं नाव कळवलंय त्यांच्याच हाती मूल सोपवायचं असतं, मग ती सख्खी आजी असली तरी.

वही आजींच्या हातात द्या, बॅगेत टाकू नका. पहिले काही दिवस दारात स्वतः वाचून दाखवा. आणि खाली दोन ओळी मोकळ्या सोडून सांगा, ‘आजी, संध्याकाळी तो काय बोलला ते इथे लिहाल का?’ पुण्याहून आलेल्या, दिवसभर परक्या देशातल्या घरात एकट्या बसणाऱ्या बाईला हे काम मिळालं तर त्या ते मनापासून करतील, आणि तुम्हाला ती माहिती मिळेल जी तुम्हाला दुसरीकडून मिळणार नाही.

ती माहिती लागणार आहे. मूल दोन ते तीन वर्षांचं असताना तुम्हाला त्याच्या प्रगतीचा लेखी आढावा त्याच्या आईबाबांना द्यावा लागतो. त्याचं बोलणं आणि समजणं, त्याचं शरीर आणि हालचाली, त्याचं माणसांत मिसळणं आणि भावना सांभाळणं, हे तीन भाग त्यात येतात. तुमचा मुलगा अडीच वर्षांचा आहे, म्हणजे हे काम समोरच आहे. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचं इंग्रजी अडीचाव्या वर्षी थोडं वाटू शकतं, म्हणून त्याला बोलण्यात मागे समजणं घाईचं होईल. इंग्रजीबद्दल काळजी वाटली तर घरच्या भाषेत त्याला काय येतं हे पालकांना विचारून बघावं, असं चौकटीतच सांगितलंय. इंग्लंडमधल्या बहुतेक चाइल्डमाइंडरांना त्यासाठी पालकांच्या शब्दावर अवलंबून राहावं लागतं. तुम्हाला मराठी येतं. तो ‘मला नको’ म्हणतो का ‘मी नाही देणार’ म्हणतो, दोन शब्द जोडतो का चार, हे तुम्ही स्वतः ऐकू शकता आणि उरलेलं आजी लिहून देतील.

तर आजपासून वहीच्या शेवटच्या पानावर त्याची वाक्यं तारखेसह उतरवायला लागा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, जशी ऐकलीत तशी. महिनाभरात आढाव्यातला भाषेचा भाग जवळपास लिहून झालेला असेल. मग आईबाबांना तासभर वेळ काढायला सांगा, आजींनाही बसवा, आणि हेल्थ व्हिजिटरची (लहान मुलांच्या वाढीवर लक्ष ठेवणारी परिचारिका) दोन वर्षांची भेट झाली नसेल तर हा आढावा तिला दाखवा असं त्यांना सुचवा.